नागरिकाचे नित्याचे राजकारण

राजकारण हा शब्द कानी पडला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे सभा, मोर्चे, तुरुंग आणि विधानसभा उभ्या राहतात. ही सारी मोठ्यांची कामे. प्रपंचाच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाच्या हातून त्यात काय होणार, असे म्हणून तो स्वस्थ बसतो. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागली की पुढील पाच वर्षांचे कर्तव्य संपले, असा त्याचा समज असतो. हा समज किती अपुरा आहे, हे जाणावयाचे असेल तर बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाकडे पाहावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून निवेदने झाली, सत्याग्रह झाले. १९६६ साली सेनापती बापटांनी उपोषण केले, त्याच वर्षी महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच राहावे, असे त्यात म्हटलेले असल्याने महाराष्ट्राने तो मानला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. पण मुलाला शाळेत घालणे, उतारा मिळविणे, पाण्याची तक्रार करणे या गोष्टी निकालाची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून या भागातील नागरिकापुढे खरा प्रश्न असा आहे, की मोठा प्रश्न दूर राजधानीत पडून असताना लहान घराने काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर बेळगावातच शोधले गेले होते. १९२४ च्या डिसेंबरात येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधींनी त्याचे अध्यक्षपद भूषविले. त्यांच्या आयुष्यात काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले ते एवढे एकदाच. तोवर काँग्रेसचे सभासद होण्यास वर्षाला चार आणे पुरत. बेळगावी असे ठरले, की सभासदाने दरमहा दोन हजार वार सूत द्यावे. राजकारण व्यासपीठावरून उतरून घराच्या ओसरीवर यावे, हा त्यातील हेतू. परंतु वर्ष संपण्यापूर्वीच, १९२५ च्या सप्टेंबरात, सूत किंवा चार आणे अशी सवलत द्यावी लागली. या प्रयोगातून दोन गोष्टी दिसतात. कृती लहान असली तरी ती नियमाने घडली पाहिजे. आणि ती सामान्य संसाराला झेपणारी असली पाहिजे. न झेपणारे व्रत चार दिवस टिकते आणि पाचव्या दिवशी माणसाला संकोच वाटू लागतो.

आजच्या सीमाभागात झेपेल असे पहिले साधन म्हणजे अर्ज. भारतीय संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदान्वये कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठीत लिहिलेले निवेदन घेऊन कचेरीत जाणारा खानापूरचा शेतकरी कोणाची मेहेरबानी मागत नसतो. तो संविधानाने दिलेला हक्क बजावीत असतो. माहितीच्या अधिकाराची गोष्ट थोडी निराळी आहे. २००५ च्या त्या कायद्याप्रमाणे अर्ज हिंदीत, इंग्रजीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करावा लागतो. कोठे कोणती भाषा चालते, हे ठाऊक असलेला माणूस फेऱ्या वाचवितो. आणि अर्जाची पोच घेणारा माणूस तो अर्ज विसरू देत नाही. पोच नसलेला अर्ज म्हणजे पाण्यावर ओढलेली रेघ होय.

दुसरे साधन शाळेचे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असे ३५० क हा अनुच्छेद सांगतो. एका वर्गात दहा किंवा सबंध शाळेत चाळीस विद्यार्थी असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे १९४९ सालापासूनचे मान्य धोरण आहे. आणि अशा मुलांची नोंद वर्ष सुरू होण्यापूर्वी व्हावी, असेही पुढे ठरले. धोरण कागदावर असते. ते वर्गात आणावयाचे तर दहा पालकांनी वेळेवर दहा अर्ज दिले पाहिजेत. नऊच आले आणि दहावा शेजारी ‘पाहू, उद्या देऊ’ म्हणत राहिला, तर त्या एका माणसाच्या आळसाने नऊ मुलांची सोय अडते. जाहीर सभेत हजारातला एक माणूस गैरहजर राहिला तर कोणाच्या ध्यानीही येत नाही; येथे मात्र एकाचे वजन किती असते, हे स्पष्ट दिसते.

तीच गोष्ट नोंदींची. ज्या भागात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक शेकडा पंधरा किंवा त्याहून अधिक असतील, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असा दंडक ठरला आहे. हे शेकडा पंधरा जनगणनेत ठरतात. म्हणून दारी आलेल्या प्रगणकाला मातृभाषा कोणती ते नीट सांगणे आणि त्याने काय लिहिले ते विचारून घेणे, हे पाच मिनिटांचे पण मोलाचे काम आहे. मतदारयादीचेही तसेच. नव्या नावासाठी सहा क्रमांकाचा नमुना, दुरुस्तीसाठी आठ क्रमांकाचा. मतदानाच्या सकाळी नाव गळालेले पाहून संतापणारे पुष्कळ आढळतात. आधी यादी वाचणारे थोडे. गल्लीतील एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने सुटीत शेजारच्या पंचवीस घरांची नावे तपासली, तरी ते उत्तम राजकीय कार्य ठरेल.

गाजणाऱ्या कृतीही सीमाभागाने करून पाहिल्या आहेत. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. त्यांतील बहुसंख्य सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून उभे राहिलेले साधे नागरिक होते. लक्ष वेधले गेले. परंतु त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम पाचशेवरून दहा हजार रुपये करण्यात आली आणि ती वाट सामान्यांना अवघड झाली. अशा कृतीने दार वाजते. ते उघडेपर्यंत उभे राहण्याचे काम मात्र नित्याच्या, न गाजणाऱ्या कृतींनाच करावे लागते.

निपाणीने हा धडा निराळ्या रीतीने दिला. तेथील तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधली. मालकापुढे एकटीने तोंड उघडणे ज्यांना अशक्य होते, त्या एकत्र बसून बोलू लागल्या आणि त्या बोलण्यातून संप उभा राहिला. ‘युगांतर’ या चित्रपटगटाने त्यांच्यावर माहितीपटही केला. १४ मार्च १९८१ रोजी तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगलोर महामार्गावर येऊन बसले आणि चोवीस दिवस बसून राहिले. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि त्यात बारा शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या बैठकीत भाषेने कोणाला वेगळे केले नव्हते. तंबाखूचा भाव मराठी शेतकऱ्याला पडला तसा कानडी शेतकऱ्यालाही पडला होता.

प्राणांची किंमत या भागाने आणखीही मोजली आहे. १७ जानेवारी १९५६ आणि १ जून १९८६ या तारखा येथील मराठी घरांत आजही विसरल्या गेलेल्या नाहीत. त्या दिवशी हार घालणे योग्यच; तथापि ज्यांनी प्राण दिले त्यांच्या स्मृतीला वर्षातून एकच दिवस देणे, हे फार स्वस्तातले ऋणमोचन होय. उरलेल्या दिवसांत ग्रामसभेला जाऊन बसावे, जमाखर्च विचारावा, अर्ज लिहून द्यावा. आणि कानडी किंवा उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याचा अर्ज अडला असेल तर त्याच्याही बाजूने उभे राहावे. आपल्या भाषेचा हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेचा मान राखला, म्हणजे त्याच्या मागणीचे बळ वाढते, घटत नाही.

घरात रोज केर काढला जातो, पण त्याचा समारंभ कोणी करीत नाही. तो चार दिवस राहिला, तर मात्र घर राहण्याजोगे उरत नाही. नागरिकाच्या राजकारणाचेही तसेच आहे.