शेजारच्याच्या वाट्याचा हिशेब



तहानलेल्या माकडाला फळांच्या रसाचा एक घोट मिळाला, तर त्या घोटाची किंमत त्याचा मेंदू कशी ठरवतो? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबर्ग इथे याचा शोध घेतला. माकडाच्या मेंदूत डोपामीन तयार करणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांचे संदेश शुल्ट्झ यांनी एकेका पेशीपाशी जाऊन टिपले. त्यातून कळलं ते असं: अपेक्षेपेक्षा किती जास्त मिळालं किंवा किती कमी, त्याला या पेशी दाद देतात. अवचित घोट मिळाला की त्या भराभर संदेश सोडतात. दिवा लागला की रस मिळतो हे माकडाच्या अंगवळणी पडलं, की त्या दिव्यालाच दाद देऊ लागतात. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी गप्प होतात.

पण ही माकडं एकेकटी बसवलेली होती. माकड एरवी टोळीत राहतं, टोळीतच खातं. गडावर, देवळाच्या आवारात माकडं आपणही पाहतो. कुणी शेंगदाणे टाकले की त्यांची नजर शेंगदाण्यांवर असते, तशीच दुसऱ्या माकडांवरही असते. तेव्हा खरा प्रश्न हा, की शेजारी दुसरं कुणी असताना त्याच घोटाची किंमत तीच राहते का?

याचं एक उत्तर अमेरिकेत अटलांटा इथल्या यर्कीज या वानर-संशोधन केंद्रातून आलं. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांचा कॅपुचिन माकडांवरचा प्रयोग २००३ साली ‘नेचर’मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. माकडानं हातातला खडा परत द्यायचा आणि त्याबदल्यात काकडीचा तुकडा घ्यायचा, असा व्यवहार होता. एरवी तो सुरळीत चाले. पण त्याच खड्याला शेजारणीला द्राक्ष मिळताना दिसलं, की काकडी नाकारली जाई, कधी तर फेकूनही दिली जाई. नंतर यावर बरेच वाद झाले. द्राक्ष डोळ्यांसमोर आलं म्हणून काकडी नकोशी झाली असेल, त्यात शेजारणीचा काय संबंध, असं काही शास्त्रज्ञ म्हणाले. हा आक्षेप मला रास्त वाटतो. निव्वळ वागणुकीवरून त्याचा निकाल लागणं अवघड होतं.

म्हणूनच जपानमधल्या ओकाझाकीच्या राष्ट्रीय शरीरक्रियाविज्ञान संस्थेतला प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. अत्सुशी नोरिताके, मासाकी इसोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१८ साली प्रसिद्ध केला. दोन माकडं समोरासमोर बसवलेली. पडद्यावर एक चित्र येई. या चित्रानंतर आपल्याला घोट मिळण्याची शक्यता किती आणि समोरच्याला किती, हे माकडांना सवयीनं ठाऊक झालेलं. घोट यायच्या आधीच माकड नळी चाटू लागतं. आशा जितकी मोठी, तितकं चाटणं जास्त. म्हणजे त्याच्या मनातली किंमत जिभेवरून मोजता येते.

मग एका माकडाचा वाटा होता तसाच ठेवला. घोट तेवढाच, मिळण्याची शक्यताही तेवढीच. फक्त समोरच्याला मिळण्याची शक्यता वाढवत नेली. तर या माकडाचं चाटणं कमी कमी होत गेलं! त्याचं स्वतःचं थेंबभरही नुकसान झालेलं नव्हतं. पुढे चित्रांमधून निवड करायला दिली, तेव्हाही कल तोच दिसला. मग समोरचं माकड उठवून त्या जागी एक निर्जीव वस्तू ठेवली, आणि हा सगळा परिणाम नाहीसा झाला. दुसरीकडे रस जातो, एवढ्यानं काही बिघडत नव्हतं. तो दुसऱ्या माकडाला मिळतो, याचा फरक पडत होता.

हे चालू असताना मेंदूतल्या नोंदी घेतल्या जात होत्या. कपाळामागच्या भागात, दोन अर्धगोलांच्या मधल्या बाजूला, काही चेतापेशी स्वतःच्या वाट्याची नोंद ठेवत होत्या आणि काही समोरच्याच्या. दोन वेगळ्या वह्याच म्हणा. खाली मध्यमेंदूतल्या डोपामीनच्या पेशींमध्ये मात्र या दोन नोंदी एकत्र येऊन एकच किंमत ठरत होती. संदेशांचा ओघही मुख्यतः वरून खाली, कपाळामागून मध्यमेंदूकडे होता. शुल्ट्झ यांनी ज्यांचे संदेश टिपले, त्याच जातीच्या पेशी या! आपल्याला काय मिळणार याचा अंदाज त्या बांधतात, तेव्हा शेजारच्याचा वाटा त्यात आधीच धरलेला असतो.

यावरून प्राणी जात्याच मत्सरी, असा निष्कर्ष कुणी काढू नये. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात स्टीव्ह चँग, मायकेल प्लॅट आणि सहकाऱ्यांनी माकडांना निवड करू दिली: रस स्वतःला, दुसऱ्या माकडाला की कुणालाच नाही? स्वतःला मिळत असेल तेव्हा माकडं स्वतःलाच घेत. पण दुसऱ्याला द्यायचा की कुणालाच नाही, एवढंच हाती असलं, की त्यांचा कल दुसऱ्याला देण्याकडे असे. त्यांच्या मेंदूतही, कपाळामागे आत असलेल्या एका वळीत, दुसऱ्याला रस मिळाला की जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. हे २०१३ सालचं काम. दुसऱ्याच्या वाट्याकडे लक्ष ठेवणारा मेंदू त्या लक्षाचा उपयोग देण्यासाठीही करतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

माणसाचं काय? जर्मनीत बॉन इथे जोडीजोडीनं माणसांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तेच काम करून तेवढेच पैसे मिळाले, तरी जोडीदाराला जास्त मिळाले असतील तर मेंदूतल्या बक्षिसाशी निगडित भागाचा प्रतिसाद उणावत होता.

म्हणून आईबाबांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ‘त्याला जास्त दिलं’ म्हणून एखादं मूल रुसलं, तर ‘तुझं काही कमी केलंय का?’ असं विचारून त्याला गप्प करू नका, हावरट तर मुळीच म्हणू नका. दुसऱ्याला जास्त का दिलं, ते त्याला नीट सांगा. आणि सांगण्याजोगं कारण नसेल, तर वाटणी पुन्हा करा.