मिठाच्या गोदामातले हुसेन



२०२४ साली बिएनालेच्या दिवसांत व्हेनिसमध्ये मकबूल फिदा हुसेन यांच्यावरचं ‘द रूटेड नोमॅड’ हे प्रदर्शन पाहिलं. किरण नाडर म्युझियमने ते मिठाच्या जुन्या गोदामांत भरवलं होतं. हुसेन यांची मूळ चित्रं होती आणि एका अंधाऱ्या दालनात प्रोजेक्टरचा खेळ होता. चित्रं भिंतभर पसरतात, हलतात, संगीत चालू असतं आणि आपण मधोमध उभे.

अशा प्रदर्शनांबद्दल माझं मत एरवी फारसं चांगलं नाही. व्हॅन गॉगचं तसलं प्रदर्शन मुंबईतही येऊन गेलं. त्याच्या रंगांचे जाड थर हाच तर जीव, आणि प्रकाशात तेच सपाट होतात. मग उरतात सेल्फी. हुसेन यांची गोष्ट वेगळी आहे. पंढरपूरला जन्म, इंदूरला बालपण, बडोद्याच्या मदरशात सुलेखनाचे धडे, आणि मग मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवणं. या माणसाची सुरुवातच भिंतीएवढ्या चित्रांपासून झाली, तीही रस्त्यावर, जिथे बघायला तिकीट लागत नव्हतं. त्यांची रेषा न अडखळता इतकी लांब कशी जाते, ते त्या मोठ्या भिंतीवर कळतं. मोबाईलवर नाही कळत.

पण हे पाहायला व्हेनिस का गाठावं लागलं? देवीदेवतांच्या चित्रांवरून खटले झाले, धमक्या आल्या, तोडफोड झाली, आणि २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये इंतकाल झाला. दफनही तिकडेच.

ही हकीकत आपल्याला पाठ आहे. सांगायला बरीही वाटते, कारण हिच्यात दोषी दुसरे आहेत. पण २००४ चा ‘मीनाक्षी’ किती जणांना आठवतो? हुसेन यांचाच चित्रपट. त्यातल्या ‘नूर-उन-अला-नूर’ या कव्वालीतले शब्द कुरआनातले आहेत, म्हणून उलेमा कौन्सिलने आक्षेप घेतला, इतर संघटनांनी साथ दिली. हुसेन यांनी चित्रपट थिएटरांतून काढून घेतला. इथे कोर्टापर्यंत जायची वेळही आली नाही. आपल्या सूफी शायरीत माशूक आणि खुदा शतकानुशतकं एकाच शब्दांत गुंफलेले आहेत. दर्ग्यात आपण त्यावर झुलतो. तेच पडद्यावर आलं तर बेअदबी?

हुसेन यांचं सगळंच आवडावं असं मी म्हणत नाही. त्यांचे काही घोडे मलाही कंटाळवाणे वाटतात. तेव्हा मी पुढच्या चित्राकडे सरकतो, एवढंच.

पुढच्या बैठकीत ‘मीनाक्षी’ लावू या, कव्वालीसकट. ज्यांचा आक्षेप आहे त्यांना मुद्दाम बोलवा. पुढच्या रांगेत बसू देत. चहा झाल्यावर आधी त्यांचं ऐकू.