गिरणी बंद असतानाचा खर्च



पिठाच्या गिरणीत विकायला माल नसतो. धान्य गिऱ्हाइकाचं, डबा गिऱ्हाइकाचा आणि परत जाणारं पीठही त्याचंच. गिरणीवाला विकतो ते दळून देण्याचं काम. सेवा व्यवसायातला स्थिर खर्च आणि बदलता खर्च वेगवेगळा कसा काढायचा, हे सांगायला मी आज गिरणी निवडली ती याचसाठी. खानावळीत किराणा मध्ये येतो, दवाखान्यात औषधं मध्ये येतात. गिरणीत सगळा हिशोब उघड्यावर असतो, आणि इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी दळणाचा डबा कधी ना कधी उचललेला आहे.

परिव्ययाचं, म्हणजे कॉस्टिंगचं काम करताना माझा छोट्या व्यावसायिकांशी रोजचा संबंध येतो. ‘महिन्याला किती सुटतात?’ असं विचारलं की उत्तर लगेच मिळतं. ‘महिनाभर कुलूप लावलं तर किती जातील?’ असं विचारलं की समोरचा माणूस थबकतो. व्यवसाय तगणार की नाही, हे मात्र या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. मार्च २०२०च्या टाळेबंदीत सलूनवाल्यांना, क्लासवाल्यांना, व्यायामशाळावाल्यांना हे उत्तर एकदम समोर आलं. जमा शून्य, आणि जागेचं भाडं, कर्जाचा हप्ता, माणसांचे पगार जागच्या जागी. तोपर्यंत हा आकडा अनेकांनी कधी कागदावर मांडलेला नव्हता.

सेवा साठवून ठेवता येत नाही. साबणाचा कारखानदार मंदीत माल गोदामात ठेवतो आणि पुढे विकतो. गिरणीवाल्याचा सकाळचा रिकामा तास संध्याकाळी विकता येत नाही. गिऱ्हाईक कधी येईल ते माहीत नसतं, तरी दार उघडं, मोटर ठाकठीक आणि माणूस हजर लागतो. सेवा व्यवसायातला बराचसा स्थिर खर्च ही या सज्जतेची किंमत असते. इंग्लंडमधले अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ साली वीजपुरवठ्याच्या खर्चावर भाषण दिलं, त्यात नेमका हाच मुद्दा होता. ग्राहक दिवा लावो न लावो, त्याने बटण दाबताच वीज देता यावी म्हणून यंत्रं आणि तारा तयार ठेवाव्या लागतात. त्या तयारीचा आकार वेगळा आणि प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचा वेगळा घ्यावा, असं त्यांनी सुचवलं. आज आपल्या वीजबिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ अशा दोन ओळी दिसतात, त्यांच्या मागे हाच विचार आहे.

आता गिरणीचं वीजबिलच हातात घेऊ. पुढचे सगळे आकडे मी हिशोबासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे तुमच्या वहीतून घ्या. समजा, दिवाळीच्या महिन्यात, भाजणीची आणि बेसनाची गर्दी असताना, ८,००० किलो दळण झालं आणि बिल ७,६०० रुपये आलं. वर्षातल्या सगळ्यात मंद महिन्यात ४,००० किलो दळण झालं आणि बिल ४,४०० रुपये आलं. दळण निम्म्यावर आलं, पण बिल निम्मं झालं नाही. दळणातला फरक ४,००० किलो, बिलातला फरक ३,२०० रुपये. म्हणजे किलोमागे वीज ८० पैसे. ८,००० किलोची वीज या दराने ६,४०० रुपये होते. बिल ७,६००चं होतं. उरलेले १,२०० रुपये दळणाशी बांधलेले नाहीत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी महिना घेऊन केलेली ही वजाबाकी, त्यासाठी संगणक लागत नाही.

पण हे १,२०० रुपये बिलावरच्या स्थिर आकाराशी ताडून पाहा. बहुधा ते त्याहून जास्त निघतील. मग वरचे पैसे कुठले? काही दिव्या-पंख्याचे. आणि काही मोटर मोकळी फिरते त्याचे. एक डबा संपून दुसरा ओतेपर्यंत, बाजरीनंतर गहू घ्यायचा म्हणून दगड मोकळा करेपर्यंत मोटर वीज खातच असते. ही वीज किलोवर चालत नाही; गिरणी किती वेळ आणि किती तुटक चालली यावर चालते. जाणता गिरणीवाला डबे साठल्याशिवाय बटण दाबत नाही. आधी गहू सगळे एकत्र, मग ज्वारी, मग बाजरी, हरभऱ्याची डाळ शेवटी, असा क्रम तो लावतो. ‘तासाभराने या’ म्हटलं की गिऱ्हाइकाला राग येतो, पण त्या तासाभरात खर्चाचं मोठं शहाणपण आहे. ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं आणि त्याच्या वहीत ते कुठेही लिहिलेलं नसतं.

या वजाबाकीत फसगत होण्याच्या जागाही आहेत. दोन महिन्यांच्या मध्ये विजेचा दर वाढला असेल तर रुपये धरून चालणार नाही, युनिट धरावे लागतील. मीटर न वाचता सरासरीने आलेलं बिल बाजूला ठेवावं. बिलाचा महिना आणि वहीचा महिना एकाच तारखेला सुरू होत नाही, तो जुळवून घ्यावा. आणि ज्या महिन्यात मोटर जळून आठवडाभर गिरणी बंद होती, तो महिना ‘सर्वांत कमी’ म्हणून कधीही घेऊ नये. याहून भरवशाचा मार्ग म्हणजे बाराही महिन्यांचे ठिपके आलेखाच्या कागदावर मांडायचे, आडवं दळण, उभं बिल, आणि त्यांच्या मधून पट्टीने रेघ ओढायची. रेघ जिथे उभ्या अक्षाला टेकते तो स्थिर भाग. एखादा ठिपका रेघेपासून फार लांब पडला तर त्या महिन्यात काय झालं होतं ते आठवून पाहायचं. ही चौकशी मला त्या रेघेइतकीच मोलाची वाटते.

वीज सोपी, कारण तिला मीटर आहे. दगडाला मीटर नाही. दगड झिजतो तो दळणाने, म्हणजे खर्च बदलता; पण पैसे जातात ते टाकी लावायला, म्हणजे दगडाला पुन्हा खाचा पाडायला, कारागीर येतो त्या दिवशी. ज्या महिन्यात तो आला तो महिना महागाचा वाटतो, आला नाही तो स्वस्ताचा. दोन्ही समजुती खोट्या. दोन टाक्यांच्या मध्ये किती दळण झालं ते लिहून ठेवा. समजा ३,००० किलोला एकदा टाकी आणि तिची मजुरी ६०० रुपये, तर किलोमागे २० पैसे झाले. पट्टे, बेअरिंग, ग्रीस, चाळण यांचे आणखी २० पैसे धरू. विजेचे ८० मिळवून बदलता खर्च किलोला १ रुपया २० पैसे.

आता हाताखालचा माणूस. तो रोजावर असेल तर मालक त्याची मजुरी बदलत्या खर्चात टाकतो. पण मंदीच्या दिवशी तुम्ही त्याला घरी पाठवता का? पाठवत नाही. एकदा गेलेला भरवशाचा माणूस पुन्हा मिळत नाही म्हणून काम नसलं तरी त्याचा रोज देता. मग वहीत त्याला रोजंदारी म्हटलं तरी व्यवहारात तो खर्च स्थिर आहे. खर्चाच्या नावावरून त्याचा प्रकार ठरवू नये. काम कमी झाल्यावर तो खर्च खरोखर कमी होतो का, एवढंच पाहावं. आणि किती काळात, हेही पाहावं. उद्यापुरतं पाहिलं तर जवळजवळ सगळंच स्थिर. तीन वर्षांचा विचार केला तर भाडेकरारही सोडता येतो, मोटरही विकता येते.

स्थिर खर्चाची बेरीज करू. भाडं ६,०००, मदतनीस ९,०००, विजेचा स्थिर भाग १,२००. यंत्र, मोटर आणि जोडणी मिळून १,२०,००० रुपये लागले आणि ती दहा वर्षं चालतील असं धरलं तर महिन्याचा घसारा १,०००. विमा, परवाना आणि वर्षाकाठची डागडुजी मिळून ८००. एकूण १८,०००. घसाऱ्याला लोक हसतात, ‘हे पैसे कुठे कुणाला दिले?’ म्हणतात. दिलेले असतात, पहिल्याच दिवशी आणि एकरकमी. ते दर महिन्याला बाजूला न काढणारा माणूस ते नफा समजून घरात खर्च करतो, आणि नवी मोटर घ्यायची वेळ आली की सोनं गहाण ठेवतो.

दळणाचा दर किलोला ६ रुपये धरू. त्यातून १ रुपया २० पैसे गेले की किलोमागे ४ रुपये ८० पैसे स्थिर खर्च भागवायला उरतात. १८,००० भागिले ४.८०, म्हणजे ३,७५० किलोला ना नफा ना तोटा. या गिरणीचं सरासरी दळण ६,००० किलो. हातात राहतात १०,८०० रुपये. मालक समाधानी.

इथे माझा गिरणीमालकांशी खरा वाद आहे. त्या १८,००० रुपयांत मालकाची स्वतःची मजुरी कुठे आहे? सकाळी आठला तो कुलूप उघडतो, दुपारी तो जेवायला गेला की बायको डबे घेते, संध्याकाळी मुलगा पैसे घ्यायला बसतो. पिठाने भरलेल्या हवेत उभं राहून केलेलं हे काम फुकटचं धरलं जातं. तीच गोष्ट जागेची. ‘जागा घरचीच आहे’ म्हणून भाडं शून्य लिहितात. तोच गाळा दुसऱ्याला दिला असता तर भाडं आलंच असतं. मालकाच्या कामाचे, फार नाही, महिन्याला १५,००० रुपये धरा. स्थिर खर्च ३३,००० झाला. भागिले ४.८०, म्हणजे ६,८७५ किलो. दळण ६,००० किलोचं आहे. काल १०,८०० रुपये नफ्यात असलेली गिरणी ४,२०० रुपये तोट्यात आहे. दुसऱ्याच्या गिरणीत नोकरी करून जे मिळालं असतं, त्याहून कमी पैशांत हे कुटुंब स्वतःची गिरणी चालवत आहे. ब्यूटी पार्लरमध्ये, शिवणकामात, घरगुती डब्यांच्या व्यवसायात हेच घडतं, आणि तिथे न धरलेली मजुरी बहुतेक वेळा बाईची असते. मला हे फार लागतं. ज्या हिशोबात माणसाचे कष्ट शून्य धरले जातात, त्या हिशोबावर बेतलेला दर त्याच माणसाला हळूहळू कर्जात नेतो.

कुणी म्हणेल, खर्च असा वेगळा करून उपयोग काय? उपयोग निर्णयाच्या वेळी होतो. समजा, एक मेसवाला येतो आणि म्हणतो, महिन्याला १,००० किलो देतो, पण दर ४ रुपये. सरासरी खर्च काढणारा गिरणीवाला नाही म्हणेल, कारण सगळं धरून त्याला किलोमागे ४ रुपयांहून जास्त पडतात. पण या नव्या दळणाने भाडं वाढत नाही, मदतनीसाचा पगार वाढत नाही. वाढतात ते १ रुपया २० पैसे. उरलेले २ रुपये ८० पैसे, म्हणजे महिन्याला २,८०० रुपये, स्थिर खर्चाच्या पोटात जातात. दुपारचे रिकामे तास असतील तर काम घ्यावं. मात्र मेसवाल्याला पीठ पहाटेच हवं असेल आणि त्यासाठी ६,००० रुपयांचा दुसरा माणूस ठेवावा लागत असेल, तर तेच काम तोट्याचं. स्थिर खर्च एका मर्यादेपर्यंतच स्थिर असतो, त्यापुढे तो पायरी चढतो. काम मागायला आलेलं असताना पायरी नेमकी कुठे आहे, हे आधी माहीत असावं लागतं.

एसटीचंही असंच आहे. गाडी भरलेली असो की अर्धी, डिझेल जवळजवळ तेवढंच जळतं. चालक आणि वाहक तेच. रिकाम्या सीटवर बसलेल्या एका जास्तीच्या प्रवाशाचा खर्च नगण्य असतो. मार्च २०२३मध्ये महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला. अशा सवलतीने आलेली गर्दी रिकाम्या सीटवर बसली तर खर्च फारसा वाढत नाही; जादा गाडी सोडावी लागली की त्या गाडीचा सगळा खर्च एकदम येतो. सवलतीवर वाद घालणाऱ्यांनी आधी हे विचारावं की गाडी भरलेली होती की रिकामी. एसटीचा बदलता खर्च किलोमीटरवर चालतो, माणसांवर नाही. घरून डबे नेऊन-आणून देणाऱ्या गिरणीवाल्याचं पेट्रोलही फेरीवर जातं, किलोवर नाही. खर्च कशाबरोबर बदलतो ते पाहिल्याशिवाय त्याला बदलता म्हणून काही हाती लागत नाही.

आता दराकडे येतो, कारण सभागृहात गिरणीवालेही आहेत आणि गिऱ्हाईकही. घराघरांत घरघंटी आली, दुकानात तयार आट्याच्या पिशव्या आल्या. दळण कमी होत जातं तसा स्थिर खर्च थोड्या किलोंवर पडतो. अशा वेळी दर वाढवायची भीती वाटते, ‘आहेत ती गिऱ्हाइकंही जातील’. ही भीती मोजता येते. ६,००० किलोवर ४ रुपये ८० पैशांनी २८,८०० रुपये सुटतात. दर ७ रुपये केला तर किलोमागे ५ रुपये ८० पैसे सुटतील. २८,८०० भागिले ५.८०, म्हणजे जवळपास ४,९६६ किलो. दळण ६,०००वरून ४,९६६पर्यंत, म्हणजे हजार किलोहून थोडं जास्त घसरलं, तरी गिरणीवाला आजच्याइतकाच राहील. गिऱ्हाइकं मुळीच गेली नाहीत, तर स्वतःचे १५,००० रुपये धरूनही महिन्याला १,८०० रुपये शिल्लक पडतात. चारशे-पाचशे किलो दळण जाईल असा अंदाज असेल तर दर वाढवावा. शेजारच्या गल्लीत दुसरी गिरणी सहा रुपयांवरच बसली असेल आणि दोन हजार किलो तिकडे वळण्याची शक्यता असेल, तर दर तसाच ठेवून आधी मेसवाल्याशी बोलावं.