मेल दिसतोय, पण उघडेना? फोन रिसेट करायच्या आधी एवढं ऐका

कोल्हापूरच्या शाहूपुरीतनं बोलतोय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे हे गल्लीत सगळ्यांना माहिती असल्यामुळे फोन बिघडला की माणसं आधी माझ्याकडे येतात. त्यातली एक तक्रार तर ठरलेली. "दादा, मेल आलाय, नाव दिसतंय, पण आत गेलं की नुसतं गोल फिरालंय." आज त्यावरच बोलू.

मागे आमच्या इमारतीतली एक पोरगी धावत आली. चार वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू, घड्याळात सव्वातीन, आणि लिंक त्या न उघडणाऱ्या मेलमध्ये. कुणीतरी तिला सांगितलं होतं, फोन रिसेट मार. आता मला सांगा, सव्वातीनला रिसेट मारला तर चारपर्यंत पासवर्ड, ओटीपी, ॲप हे सगळं परत उभं राहणार आहे का?

आम्ही फक्त फोनमधलं क्रोम उघडलं, ॲड्रेस बारमध्ये जीमेलचा पत्ता टाकला, लॉगिन केलं. मेल उघडला, लिंक मिळाली. विषय संपला.

हे असं का झालं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. मेल एका दमात येत नाही. आधी येतं पाकीट: कुणी पाठवला, विषय काय, कधी. ते अगदी छोटं असतं. आतलं पत्र मागून येतं, त्यातले फोटो आणखी वेगळे येतात, आणि जोडलेली फाईल तुम्ही टिचकी मारल्यावर. शिवाय जी यादी तुम्हाला दिसते ती बऱ्याचदा फोनमध्ये आधीच साठवलेली असते. म्हणून नेट बंद असलं तरी यादी दिसते आणि आपल्याला वाटतं, सगळं तर चालू आहे! पत्र मात्र सर्व्हरवर सुखरूप असतं. आपल्याला शोधायचं एवढंच, की ते वाटेत कुठं अडकलंय.

म्हणून पहिली पायरी तीच: ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथं उघडला तर दोष ॲपचा किंवा फोनचा. तिथंही नाही उघडला तर नेटचा किंवा अकाउंटचा. अर्धं काम इथंच होतं.

नेटचं बघू. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर या, किंवा उलट करा. काड्या पूर्ण आहेत म्हणजे नेट आहे असं नसतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावर गेलेल्यांना हे सांगायला नको. टॉवर एक आणि माणसं लाखांत, डेटा रांगेत उभा! मग डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर चालू आहेत का बघा. ते मेलच्या ॲपला मागून काम करू देत नाहीत.

आता एक गंमत. फोनची तारीख तपासा. खरंच! सर्व्हर आपली ओळख पटवायला एक सर्टिफिकेट दाखवतो, आणि त्याला मुदत असते. तुमच्या फोनमध्ये चुकून २०१८ साल असेल तर फोनला ते सर्टिफिकेट खोटं वाटतं आणि तो बोलणंच थांबवतो. तारीख-वेळ ऑटोमॅटिक ठेवा.

ॲपचं बघू. त्या पोरीच्या फोनमध्ये जागाच उरली नव्हती. पत्र उतरवून ठेवायला जागा नाही, तर ॲप करणार काय? व्हॉट्सॲपचे व्हिडिओ उडवले आणि मेल उघडायला लागले. जागा असूनही अडत असेल तर प्ले स्टोअरमध्ये जाऊन तीन गोष्टी अपडेट करा: मेलचं ॲप, क्रोम आणि अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू. हे तिसरं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसतं. ॲपच्या आत वेबपान दाखवायचं काम ते करतं. मार्च २०२१ मध्ये त्याच्यात बिघाड झाला आणि जगभरात जीमेलसकट कितीतरी ॲप धडाधड बंद पडायला लागली. शेवटी वेबव्ह्यू आणि क्रोमचं नवं अपडेट आल्यावर गाडी रुळावर आली.

तरीही नाही? मग सेटिंगमध्ये ॲपवर जाऊन 'क्लिअर कॅशे' करा. त्याच्या शेजारचं 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा' मात्र सगळ्यात शेवटी. त्याआधी आउटबॉक्स बघा. न गेलेला मेल तिथं असेल तर तो फक्त तुमच्या फोनमध्ये आहे, पुसलात की गेला. आणि जुनं अकाउंट पॉप पद्धतीनं जोडलेलं असेल तर आलेले मेलसुद्धा फोनमध्येच असू शकतात. त्याला हात लावू नका.

अकाउंटचं एक. गुगलची फुकटची जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांत मिळून. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. ती भरली की जुने मेल उघडतात, पण नवे येणं थांबतं. म्हणजे कॉल लेटर पाठवणाऱ्याकडे परत जातं आणि तुम्ही वाट बघत बसता.

आणि हे नीट ऐका. नेटवर 'जीमेल कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या नंबरला फोन लावू नका. समोरचा गोड बोलतो, स्क्रीन शेअर करायला लावतो, ओटीपी मागतो. न उघडणाऱ्या मेलपायी बँकेचं खातं उघडं पडायचं! पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

शेवटचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या शाहूपुरीतल्या गल्ल्यांत पाणी शिरलं होतं. असल्या वेळी लाईट आणि नेटचा काय भरवसा? हॉल तिकीट, कॉल लेटर, प्रवासाचं तिकीट आलं की त्याच दिवशी डाउनलोड करा, आणि लिंक, वेळ, फोन नंबर वहीत लिहून ठेवा. वहीला लोडिंग नसतं.

हा भाग त्या मित्राला पाठवा जो काही झालं की "रिसेट मार भावा" म्हणतो. भेटू पुढच्या भागात!