आडात असेल तर पोहऱ्यात येईल
(मुंबईच्या उपनगरातल्या आयाबायांपुढे केलेले भाषण)



आज आपण आईच्या प्रकृतीविषयी बोलणार आहोत. पोरांच्या प्रकृतीचं आपण रोज बोलतो. धनी खोकले तर लगेच काढा करतो. पण आईचं डोकं दुखलं तर आई काय म्हणते? "असू दे, थांबेल आपोआप."

अंधेरी घ्या, बोरिवली घ्या, घाटकोपर नाहीतर मुलुंड घ्या. आईचा दिवस सगळीकडे सारखाच. पहाटे नळाला पाणी येतं, म्हणून ती पहाटे उठते. डबे करते. पोरांना शाळेत धाडते. मग कोणी लोकल गाडी धरते, कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी भाजीची पाटी घेऊन बसते. संध्याकाळी परत चूल आहेच. सगळ्यांची जेवणं झाली की भांड्यात जे उरेल ते ती खाते. भाजी संपली असेल तर चहा आणि चपाती.

आपल्याकडे एक म्हण आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आई हा घरचा आड आहे. सगळे त्यातून पाणी काढतात. पण आडात पाणी आहे का, हे कोणी वाकून बघतं का?

सरकारने 2019 ते 2021 या काळात देशभर घरोघर पाहणी केली. तेव्हा महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत सुमारे चोपन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त. यालाच पंडुरोग म्हणतात. आपल्या रक्तात लोह असतं. श्वासातला प्राणवायू ते अंगभर पोचवतं. लोह कमी पडलं की जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, सकाळी उठतानाच थकवा वाटतो. लोक म्हणतात, बाई आळशी झाली. बाई आळशी नाही. तिचं रक्त कमी आहे. महिन्याच्या पाळीत रक्त जातं, बाळंतपणात जातं, आणि ताटात ते भरून येत नाही.

मग करायचं काय? रोज फळफळावळ खा, तासभर व्यायाम करा, असं मी सांगणार नाही. तेवढा पैसा नाही आणि तेवढा वेळही नाही. जे जमेल तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट जेवणाची. स्वयंपाक झाला की आपला वाटा आधी बाजूला काढून ठेवा. शेवटी बसलात तरी चालेल, पण वाटा आधी निघाला पाहिजे. त्यात भाकरी किंवा चपाती असावी, मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ असावी. आठवड्यातून तीनचार वेळा चवळई, माठ, शेपू अशी पालेभाजी करा. वरून लिंबू पिळा. लिंबामुळे त्या अन्नातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणाबरोबर नको. तो लोह अडवतो. जेवणानंतर तासाभराने चहा घ्या. नाचणीची भाकरी कोकणातल्या बायांना सांगायला नको. ती हाडांना बळ देते. यात महाग काय आहे? काहीच नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. कामावर जाणाऱ्या पुष्कळ बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. का? कारण लघवीला जायला जागा नसते. पण पाणी कमी प्यायल्याने आणि लघवी दाबून धरल्याने आत जळजळ होते, ताप येतो, दुखणं मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतं. तेव्हा घरून निघताना पाणी प्या, बाटली जवळ ठेवा. कामाच्या घरी न लाजता विचारा, "ताई, मोरी कुठे आहे?" यात लाज कसली?

तिसरी गोष्ट चालण्याची. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, आठवड्याला एकूण अडीच तास भरभर चाला. ऐकून भीती वाटते. पण रोजचे वीसबावीस मिनिटं झाले की ते भरतात. बसून काम करणाऱ्या बाईने रिक्षा सोडून स्टेशनपर्यंत चालावं. जी बाई डोंगरावरच्या वस्तीत हंडे चढवते, तिला आणखी चालायची गरज नाही. तिला विसावा हवा. तिने हंडा उचलताना कंबरेत वाकू नये, गुडघ्यात वाकावं. एका खेपेला दोन हंडे नेण्यापेक्षा एकेक न्यावा.

चौथी गोष्ट विसाव्याची. 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी खास बायकांसाठी पहिली लोकल सुटली. अशा गाड्यांत बघा, घरी परतताना बाया मटार सोलतात, भाजी निवडतात. घरी गेल्यावर तेवढाच वेळ वाचतो. ठीक आहे. पण आठवड्यात दोन दिवस भाजीची पिशवी बंद ठेवा आणि बसायला जागा मिळाली तर डोळे मिटा. आणि घरी पाणी भरायचं काम नवऱ्याने, मुलाने वाटून घ्यायला काय हरकत आहे? हंड्याला बाई आणि पुरुष कळत नाही.

पाचवी गोष्ट तपासणीची. महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. बाईच्या रक्ताचा आकडा बारा किंवा त्याच्या वर असावा. पोटुशी असेल तर अकराच्या वर. कमी असेल तर का कमी आहे, ते डॉक्टर बघतील. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पोटुशी बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक घ्यायची असते, आणि बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायची असते. गोळीने शौचाला काळं होतं. त्याला घाबरून गोळी सोडू नका. गोळी चहाबरोबर घेऊ नका. तिशी उलटली की रक्तदाब आणि साखरही तपासा.

आता एक मोठी गोष्ट. सगळंच काही एकट्या बाईच्या हातात नसतं. नळच नसेल तर पाणी कुठून पिणार? संडासच नसेल तर जाणार कुठे? याच उपनगरात, गोरेगावला, मृणालताई गोरे होऊन गेल्या. डॉक्टरी शिकता शिकता ते सोडून त्या लोकांच्या कामात पडल्या. 1961 साली त्या महापालिकेत निवडून गेल्या. वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून त्यांनी इतकी झुंज दिली की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. 1972 नंतर महागाई वाढली, तेव्हा त्यांनी आणि अहिल्याताई रांगणेकरांनी बायकांना रस्त्यावर आणलं. बाया लाटणी घेऊन आल्या. पुढे 2011 साली मुंबईतल्या बायकांनी आणखी एक चळवळ उभी केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, असं का, हा त्यांचा सवाल होता. तेव्हा आपल्या वस्तीत नळ नसेल, संडासाला दार नसेल, तर दहाजणी मिळून अर्ज करा. ही पण प्रकृतीचीच काळजी आहे.

शेवटी सवय कशी लावायची ते ऐका. पाचही गोष्टी एकदम धरू नका. दोन दिवसांत सगळ्या सुटतील. एकच धरा. ती रोजच्या कामाला बांधा. तवा उतरवला की आपला वाटा काढायचा. चप्पल घातली की पाण्याची बाटली घ्यायची. तुम्हाला आता लिहिता येतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी एक टिंब द्या. एखादा दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिंब द्या. महिनाभराने दुसरी गोष्ट घ्या. थेंबे थेंबे तळे साचे, हे काही खोटं नाही.

रक्ताचा आकडाही तिथेच स्वतःच्या हाताने लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि शेजारी नवा आकडा लिहा. नऊचा दहा झाला, दहाचा अकरा झाला, तर आडाला पाणी लागलं म्हणून समजा. मग पोहरा रिकामा येणार नाही. पोरांच्या वाट्याला येईल आणि तुमच्याही वाट्याला येईल.