शेजारघरचा वाघ



वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, असे आपले जुने लोक सांगून गेले आहेत. पण हा वाघ रानात नसून शेजाऱ्याच्या परसात असेल, त्याने तो स्वतःच्या पैशाने विकत घेऊन स्वतःच्या पिंजऱ्यात ठेवला असेल, तर आपण काय म्हणावे? जागा त्याची, पैसा त्याचा, प्राणी त्याचा. मग मध्ये बोलणारे आपण कोण? हिंस्र आणि परदेशी प्राणी घरी पाळण्यावर गावाने निर्बंध घालावेत काय, आणि घालावयाचे तर केव्हा, हा आजचा विषय आहे. ज्यांच्या दारी हा प्रश्न खरोखरच येऊन बसला, अशा दोन ठिकाणांची हकीकत मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

पहिले ठिकाण लंडन. सन १९६९ मध्ये तेथील 'हॅरॉड्स' या प्रसिद्ध दुकानात सिंहाचा छावा विकावयास होता. दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो घेतला, त्याचे नाव ख्रिश्चन ठेवले आणि चेल्सी भागातील एका फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात त्याला वाढविले. त्याला हुंदडावयास जवळच्या चर्चचे कुंपण घातलेले आवार मिळाले. गंमत अशी, की त्या आवारासाठी पाद्रीबुवांची परवानगी घ्यावी लागली. सिंह पाळण्यासाठी मात्र कायद्याने कोणाचीच परवानगी लागत नव्हती! पुढे छावा वाढला, तळघर अपुरे पडू लागले आणि १९७० साली त्याला केनियात जॉर्ज अॅडमसन यांच्या स्वाधीन करण्यात आले. ही गोष्ट गोड झाली, आनंद आहे. परंतु प्रत्येक छाव्याला अॅडमसन भेटत नाही, आणि छावा मात्र प्रत्येकच वाढतो.

इंग्लंडने हे वेळीच ओळखले. पीटर टेंपल-मॉरिस या खासदारांनी खासगी विधेयक मांडले आणि १९७६ साली धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा झाला. या कायद्याचे मर्म असे, की परवाना देण्याचा अधिकार लंडनच्या मंत्र्याकडे न ठेवता तो स्थानिक नगरसंस्थेकडे दिला. कोणते प्राणी धोक्याचे, याची यादी कायद्यातच आहे. त्यांपैकी एखादा पाळावयाचा असेल, तर आधी अर्ज करावयाचा. मग पशुवैद्य जागा पाहून अहवाल देतो, आणि त्याचा खर्च अर्जदाराने सोसावयाचा. पिंजरा भक्कम आहे काय, प्रकाश, हवा, उष्णता, सांडपाणी यांची सोय आहे काय, आग लागली तर प्राण्याचे काय, त्याला हिंडावयास जागा आहे काय, हे सारे पाहावयाचे. शिवाय इतरांना इजा झाल्यास भरपाई देता यावी म्हणून विमा सक्तीचा. परवाना नाकारला, तर दंडाधिकाऱ्याकडे अपील करता येते. परवान्यावाचून प्राणी ठेवला, तर तो जप्त होतो.

पाहा, या अटींपैकी निम्म्या शेजाऱ्यासाठी आहेत आणि निम्म्या खुद्द प्राण्यासाठी. हा कायदा निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. परवान्याची फी एका नगरात थोडी, तर दुसऱ्यात कितीतरी अधिक. सन २००१ मध्ये शासनासाठी झालेल्या अभ्यासात असे दिसले, की कित्येक लोक परवाना काढीतच नाहीत. नगरसंस्थेचा माणूस दार ठोठावणार नसेल, तर कायदा कपाटातच राहणार. तरीही विचारण्याचा अधिकार कोणाचा, एवढे तरी तेथे ठरलेले आहे.

ते ठरलेले नसले म्हणजे काय होते, हे दुसऱ्या ठिकाणी दिसले. अमेरिकेतील ओहायो राज्यात झेन्सव्हिल नावाचे गाव आहे. तेथील एका गृहस्थाने आपल्या मळ्यावर ५६ प्राणी जमविले होते. शेजाऱ्यांच्या तक्रारी अनेक वर्षे शेरीफच्या कचेरीत येत होत्या. पण असे प्राणी बाळगण्यास राज्यात परवानाच लागत नसे, मग शेरीफ तरी काय करणार? जानेवारी २०११ मध्ये मावळत्या गव्हर्नरांनी बंदीचा तात्पुरता हुकूम काढला. एप्रिलमध्ये त्याची मुदत संपली आणि नव्या राजवटीने तो चालू ठेवला नाही.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी त्या गृहस्थाने पिंजऱ्यांची दारे उघडली आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. अंधार पडू लागला होता. गुंगीचे औषध लागावयास वेळ लागतो, आणि एवढ्यात श्वापद अंधारात नाहीसे झाले तर ते शोधावयाचे कोठे? शेरीफ मॅट लुट्झ यांनी ठार मारण्याचा हुकूम दिला. हमरस्त्यावर फलक लागले, दुसऱ्या दिवशी शाळा बंद राहिल्या. १८ वाघ, १७ सिंह, त्यांखेरीज अस्वले आणि लांडगे मारले गेले. सहा प्राणी तेवढे वाचले. भारतातील साऱ्या रानांत मिळून १,७०६ वाघ असल्याचा अंदाज त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. आणि तेथे एका मळ्यावर एका रात्रीत अठरा गेले! गोळ्या झाडणाऱ्या शिपायांचा यात काय दोष? आणि त्या वाघांचा तरी काय?

मग वरातीमागून घोडे आले. सन २०१२ मध्ये ओहायोने नोंदणी, परवाना आणि विमा यांचा कायदा केला. काही मालक न्यायालयात गेले. पण कायदा टिकला. डिसेंबर २०२२ मध्ये तर साऱ्या अमेरिकेपुरते नव्याने वाघसिंह घरी पाळणेच बंद झाले.

आता आपल्याकडे वळू. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातला वाघ-बिबट्या कोणाच्या हौसेचा राहिला नाही. परंतु परदेशी अजगर, इग्वाना, पोपट यांची मालकी दीर्घकाळ जवळजवळ मोकळीच होती. सन २०२० मध्ये केंद्राने लोकांना आपणहून माहिती देण्याचे आवाहन केले, २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २०२४ च्या नियमांनी अशा अनेक परदेशी जातींची नोंदणी सक्तीची केली. ही नोंद राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे होते. आता गंमत पाहा. पुण्यात कुत्रा पाळावयाचा तर महानगरपालिकेचा परवाना लागतो. पण वरच्या मजल्यावरील परदेशी अजगराची नोंद वनखात्याच्या दप्तरी. गल्ली जिला ठाऊक, तिच्याकडे वही नाही. आणि वही ज्याच्याकडे, त्याला गल्ली ठाऊक नाही. या दोघांची गाठ घालून देणे, नोंदीची माहिती नगरपालिकेपर्यंत व अग्निशामक दलापर्यंत पोचविणे, हे आपल्या नगरसेवकांकडे मागण्यासारखे काम आहे.

कोणी म्हणेल, हौसेवर इतके पहारे कशाला? हौसेला माझी यत्किंचितही हरकत नाही. पण पिंजऱ्याचे दार उघडले, की त्या हौसेची किंमत शेजारी देतो, शिपाई देतो आणि सर्वांत मोठी किंमत तो मुका जीव देतो. ज्यांना किंमत द्यावी लागणार, त्यांना आधी दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.