संशोधनाची शिस्त आणि घरातील रुमाल
(वार्षिक संमेलनातील भाषण)



पदवी परीक्षेत सुयश मिळविणाऱ्या मुलामुलींचा आपण दरसाल गौरव करतो, हे उचितच आहे. परंतु पदवीनंतर जो संशोधनाकडे वळतो, त्याला निराळीच विद्या शिकावी लागते. परीक्षेत उत्तर ठाऊक असले म्हणजे पुरते. संशोधनात प्रश्न नेमका मांडावा लागतो आणि उत्तरास पुरावा द्यावा लागतो.

पुरावा कशास म्हणावे? शिवाजीमहाराजांचे जन्मवर्ष पूर्वी १६२७ मानीत. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी निघाली. पुढे परमानंदाच्या शिवभारतातही तीच आढळली. दोन निरनिराळी साधने जुळली, तेव्हा मतास बळ आले. येथेही शकात सरसकट ७८ मिळविणारा विद्यार्थी फसतो. या फाल्गुनापूर्वीच इंग्रजी वर्ष पालटले होते. म्हणून ७९ मिळवावे, तेव्हा १६३० येते.

दुसरा धडा पुण्याच्या भांडारकर संस्थेचा. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभिले गेले व १९६६ साली पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासण्यात आली. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर १९४३ मध्ये निवर्तले. तरी पाठ कसा निवडावा याचे नियम त्यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत विशद केले होते. म्हणून मागाहून आलेल्यांना वाट सापडली. आपण काय पाहिले, कोठे पाहिले, काय स्वीकारले व का, हे दुसऱ्यास पडताळता येईल असे लिहून ठेवणे, हीच संशोधनाची पहिली शिस्त होय.

आता आमचे मागणे. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल वाळवीच्या स्वाधीन झालेले आहेत. ते रद्दीत घालू नका. मोडी शिकणाऱ्या आपल्याच मुलांपुढे उघडा. मात्र उघडताना अट घालू नका. ज्या वतनाचा आपण अभिमान सांगतो, ते तंट्यात गेले होते असे कागद म्हणेल. ज्या पूर्वजास शूर मानतो, त्याचे नाव केवळ कर्जरोख्यावर सापडेल. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी “हे छापू नकोस” असे म्हटले, तर तो विद्यार्थी काय शिकेल? पुराव्यापेक्षा भीड मोठी, एवढेच!

आणि “अजून किती वर्षे शिकणार?” हा प्रश्न त्याला, विशेषतः तिला, पंक्तीत विचारू नका. त्याऐवजी “कोणता प्रश्न सोडवीत आहेस?” असे विचारा आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्या. खरे सांगण्याचे धैर्य विद्यापीठ एकटे देऊ शकत नाही. ते घरातूनही मिळावे लागते. आपली घरे ते देतील, असा आम्हांस भरवसा आहे.